ऐंशीच्या चाकाला कुलूप

तीर्थस्वरूप मामांना,

भाच्याचा नमस्कार. (पेन खाली ठेवून, दोन्ही हात जोडून, मग पुन्हा पेन उचललं आहे, नुसता लिहिलेला नमस्कार तुम्हाला चालत नाही हे ठाऊक आहे.) मामींनाही तसाच. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? नसेल तर डॉक्टरला दाखवलात, की अजून "जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता जिने कशाला चढू" हेच चाललं आहे? मामींचं ब्लडप्रेशर कोणामुळे वाढतं ते डॉक्टर सांगत नाहीत, पण आम्ही सगळे जाणून आहोत. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. म्हणजे भिंती, छप्पर, नळ, दोघांच्या नोकऱ्या वगैरे. माणसांपैकी एक ठणठणीत आहे आणि दुसरा हे पत्र लिहितो आहे.

फोन का केला नाही असं विचाराल. ही पलीकडच्या खोलीत सायकल स्टँडला लावून पेडल मारते आहे, मधली भिंत पातळ आहे, आणि माझा आवाज हल्ली भलत्या ठिकाणी चिरकतो. कागदावर तेवढं तरी झाकलं जातं. अक्षर वाकडं दिसलं तर टेबल डुगडुगतं असं समजा. (टेबल डुगडुगत नाही.)

मामा, माझी पाचावर धारण बसली आहे. यात तुम्हाला नवल वाटणार नाही. तुम्हीच मला लिफ्टच्या कंपनीत चिकटवलंत तेव्हा मॅनेजरला माझ्यादेखत सांगितलं होतं, "पोरगं भित्रं आहे, याला तपासनीस करा." आणि ही तुमच्या हाताखाली आली तेव्हा तिला लिफ्टच्या उभ्या बोगद्यात, शाफ्टमध्ये उतरवलंत, कारण ती दोराला लोंबकळून जेवायची. आमचं जमलं तेव्हा तुम्ही तिला काउंटरवेट म्हणायला लागलात. एक बाजू वर जायला घाबरते म्हणून दुसऱ्या बाजूला तेवढंच वजन लागतं, असा तुमचा हिशेब. तो इतकी वर्षं बरोबर चालला. आता बिघडला आहे, आणि बिघाड एका चाकात आहे.

तिच्या सायकलच्या शर्यतीबद्दल तुम्हाला वरवर माहीत आहे, नीट सांगतो. यात सगळे एकदम सुटत नाहीत. एकेकाला सोडतात, भांडण फक्त घड्याळाशी. सायकलही आपल्या ओळखीची नाही. हँडलवर कोपरं टेकवायची, पाठ आडवी करायची, मान कासवासारखी पुढे काढायची आणि दोन्ही हात एकमेकांजवळ जोडून धरायचे. ब्रेक मात्र हातांशी नसतात, ते बाजूला लांब. म्हणजे ज्या अवस्थेत वेग सर्वांत जास्त, त्याच अवस्थेत ब्रेक सर्वांत दूर. हे यंत्र माझ्याकडे मंजुरीला आलं असतं तर मी फाटकातूनच परत पाठवलं असतं. गेल्या वर्षी ही त्याच्यावर बसून आपल्या वयोगटात सगळ्यांच्या पुढे होती. मग पूल लागला, बाजूने वाऱ्याचा झोत आला, आणि पुढचं मी सांगायला नको. हॉस्पिटलात सगळ्यांत आधी तुम्हीच पोहोचला होतात. गळ्याजवळच्या हाडात धातूची पट्टी आहे तिच्या अजून. या वर्षी पुन्हा तीच शर्यत, तोच पूल, आणि पहिली आली तर पुढच्या मोठ्या शर्यतीसाठी निवड. पुढच्या वर्षी गट बदलतो, मग तिच्या म्हणण्याप्रमाणे "त्या गटातल्या बायका राक्षसिणी आहेत". तेव्हा आता नाहीतर नाही.

तर एके दिवशी चहा पिता पिता ही म्हणाली, चाकं तू निवड. मी म्हटलं, मी? म्हणाली, तू तपासनीस आहेस ना. एवढं बोलून कप विसळायला गेली. मामा, लग्नाला इतकी वर्षं झाली, हिने मला साधा टॉवेल निवडू दिला नाही.

मी चाकवाल्याच्या दुकानात गेलो. दुकान छोटं, छताला चाकं टांगलेली, आणि खाली तो स्वतः, पोटऱ्या अशा की दोन माणसांना पुराव्यात. त्याने मला समजावलं ते असं. शर्यतीच्या चाकाची कड खोल असते, टायरपासून आत आऱ्यांपर्यंत पसरलेली. जितकी खोल तितका समोरचा वारा गुळगुळीत कापला जातो. चाळीस मिलिमीटरची बरी, साठची चांगली, ऐंशीची म्हणजे विचारूच नका. मागचं चाक तर सरळ भरीव घ्यायचं, थाळीसारखं. त्याचं काही वाटत नाही कारण बसणाऱ्याचं वजन त्याच्यावर असतं आणि ते वळत नाही. प्रश्न पुढच्याचा. मी विचारलं, समोरचा वारा झाला, बाजूच्या वाऱ्याचं काय? तो म्हणाला, "शीड होतं." इतक्या मजेत म्हणाला, जणू काही मोफत मिळणारी वस्तू. वर म्हणाला की जितकं माणूस हलकं तितकं जास्त ओढलं जातं, पण सवयीने जमतं. ही किती हलकी आहे ते तुम्हाला माहीत आहे. शाफ्टमध्ये उतरताना तुम्ही तिच्या खिशात नटबोल्ट भरायचात. मी त्याच्याकडे चाचणीचा दाखला मागितला. त्याने टायर कंपनीचं स्टिकर दिलं.

तरी माणूस भला. पुढची तिन्ही चाकं आणि मागची थाळी वापरून बघायला दिली, आवडेल ते ठेवा म्हणाला. ती घरी आणून मी बोळात खुंट्यांवर ओळीने टांगली. ऐंशीचं काळं चाक सगळ्यांत शेवटी. येता जाता ते माझ्याकडे बघायचं.

आता तुमचीच शिकवण: न तपासता कोणाला वर चढवायचं नाही. लिफ्टला आपण सव्वापट वजन घालून बघतो, तर चाकाला सव्वापट वारा देऊन बघावा असं मी ठरवलं. तळघराचे खड्डे वाळवायचा तो मोठा पंखा तुम्हाला आठवत असेल. (तोच. अजून तसाच ओरडतो.) सुट्टीच्या दिवशी तो मी कंपनीच्या आवारात, दोन गोदामांमधल्या बोळीत आणून ठेवला, हिच्या सायकलला ऐंशीचं चाक लावलं, हेल्मेट घातलं, आणि पंख्याच्या पुढून आडवा निघालो. पहिल्या खेपेला मी गोदामाच्या दारात गेलो. दुसऱ्या खेपेला तयारीने, म्हणजे पंख्याच्या बाजूला झुकून गेलो. तेवढ्यात पंख्याचा झोत संपला, झुकलेला मी तसाच राहिलो, आणि कंट्रोल पॅनलच्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात शिरलो. स्टोअरकीपर आतून बघत होता. सोमवारी माझ्या टेबलावर कोणीतरी 'नाजूक वस्तू, सांभाळून हाताळा' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

पण पंखा म्हणजे पंखा, पूल म्हणजे पूल. म्हणून मी पुलावर गेलो. तेच चाक लावलेली सायकल चालवत नव्हे, हाताने धरून. आणि उंचीवर काम म्हणजे कमरेला पट्टा हवाच, तो बांधला. पट्टा बांधला म्हणजे हूक कुठेतरी अडकवायला हवा, तो पुलाच्या कठड्याला अडकवला. दोन पावलं टाकायची, खांब आडवा आला की दुसरा हूक पुढे लावायचा, मगच मागचा काढायचा, हे तुम्ही मला शिकवलंत तसंच, एकदाही न चुकता. एक आजीबाई पिशवी घेऊन मागून आल्या, थांबल्या, पूल रंगवताय का म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता पुढे निघून गेल्या. मी पुलाच्या मध्यावर पोहोचलो तेव्हा त्या बाजार करून परत येत होत्या.

मध्यावर एक मोठा ट्रक गेला. मामा, ते पुढचं चाक माझ्या हातात असं काही फिरलं की हँडल बरगडीत बसलं, सायकल आडवी, मी सायकलवर आडवा, हूक ताणलेला आणि खाली पाणी. बोबडी वळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. डोळे मिटून कठड्याला मिठी मारून बसलो. हिने हे कोपरं टेकवून, पूर्ण वेगात, एकटीने झेललं होतं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

किती वेळ गेला कोण जाणे, शेजारी एक माणूस येऊन बसला. पुलावर गस्त घालणारा. फार हळू आवाजात बोलत होता. आयुष्य सुंदर आहे म्हणाला. घरी कोण कोण असतं, विचारलं. मी म्हटलं, बायको. म्हणाला, तिच्याशी मनातलं बोललात का? मी म्हटलं, नाही. म्हणाला, नेमका कसला त्रास आहे? मी म्हटलं, ऐंशीचा. तो मला निरखून बघत म्हणाला, वय तर दिसत नाही. मी त्याला सगळं समजावून सांगितलं, चाळीस, साठ, थाळी, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला, सायकलला आणि माझ्या दोन्ही हुकांना गाडीत घालून पुलाच्या या टोकाला आणून सोडलं. उतरताना हातात एक कार्ड दिलं, कधीही फोन करा म्हणून. (केलेला नाही. कार्ड मात्र जपून ठेवलं आहे.)

आता मी जे केलं ते ऐका, आणि रागवायचं असेल तर मामी जवळ नसताना रागवा. घरी आलो, सायकलचं ऐंशीचं चाक उतरवून खुंटीवर टांगलं, कामाच्या पेटीतून माझं लाल कुलूप काढलं, आत माणूस असताना कोणी लिफ्ट सुरू करू नये म्हणून आपण लावतो ते, आणि ते चाक भिंतीच्या कडीला कुलूपबंद केलं. वर लाल पाटी. 'धोका. काम चालू. कुलूप लावणाऱ्यानेच काढावे.' खाली माझं नाव, सही. दोनदा ओढून बघितलं. मगच बूट काढले.

या कुलपाचा अर्थ काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही. तुम्ही ज्या वेळी त्या उंच इमारतीची लिफ्ट बंद ठेवली होतीत, कुलूप लावणारा फिटर बहिणीच्या लग्नाला किल्लीसकट निघून गेला होता, लिफ्ट दुरुस्त होऊन तयार होती, मालक खाली उभा राहून शिव्या देत होता, आणि अख्खी इमारत जिने चढत होती, तेव्हा तुम्ही एकच म्हणालात: आत कोणाचा हात असेल ते फक्त कुलूपवाल्याला माहीत. ही तेव्हा नवीन होती, तुमच्या मागे पाना घेऊन उभी होती. तिच्या अंगात ते जे भिनलं ते भिनलं. दुसऱ्याचं कुलूप तोडणं सोडाच, त्याची किल्ली मागणंसुद्धा आपल्यात शोभत नाही. आणि हे सगळं पक्कं ठाऊक असताना मी ते लावलं.

ही संध्याकाळी कामावरून आली. बोळात थांबली. पाटी वाचली. हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि हात धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी चाळीसचं चाक लावून सरावाला गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. मामा, ती भांडली असती तर मी सुटलो असतो. मी भांडणाची तयारी करून ठेवली होती, मुद्दे पाठ केले होते, हाडाच्या पट्टीचा मुद्दा शेवटी काढणार होतो. पण ती जेवताना मीठ दे म्हणते आणि मीच दचकतो. किल्ली मी आधी पाकिटात ठेवली, मग मोज्यात, मग चष्म्याच्या घरात. कुठेही ठेवली तरी टोचते. रात्र झाली की वाटतं, कुलूप नसतं तर ती पडली असती. सकाळ झाली की वाटतं, कुलपामुळे ती हरणार, आणि मग राहिलेलं आयुष्य ही माझ्याकडे अशीच मीठ मागत राहणार.

त्यात परवा चाकवाला दारात. शर्यत जवळ आली, कोणतं ठेवताय म्हणाला, आणि त्याला ते कुलूप दिसलं. तो आधी हसला. मग पाटी वाचून चिडला, कारण चाक अजून त्याचंच आहे. गाडीतून कातरी घेऊन आला, साखळ्या तोडायची असते ती, हातभर लांब. मी मध्ये पडायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात होतो आणि स्वयंपाकघरातच राहिलो. मध्ये पडली ही. चाकाला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "कुलूप त्याचं आहे. तो काढेल तेव्हा निघेल." तो म्हणाला, अहो, पण तुमच्याचसाठी काढतोय. ती हलली नाही. तो कातरी घेऊन परत गेला. मी कपाटाआड उभा राहून हे ऐकलं आणि मला ब्रह्मांड आठवलं. जिच्यावर अन्याय केला तीच माझ्या कुलपाची राखण करते आहे, यापेक्षा मोठी शिक्षा कोणी देऊ शकेल असं मला वाटत नाही.

तर मामा, विनंती अशी. तुम्ही तिला एक फोन करा. ती जगात फक्त तुमचं ऐकते. तिला सांगा, चाळीसचं चाक पुरेसं आहे, जिंकणं वगैरे सगळं दुय्यम आहे, हाडं एकदाच मिळतात. माझं नाव मध्ये आणू नका. सहज आठवण झाली म्हणून फोन केला असं म्हणा. तुम्ही सहज फोन कधीच करत नाही, तेव्हा आधी हवापाण्याचं थोडं बोला. मामींना नमस्कार सांगालच. तब्येतीला जपा, गुडघ्याची हयगय करू नका.

तुमचा,
(अजून तपासनीस) भाचा

ता. क. — वरचं सगळं फोनबिन विसरून जा. करू नका. पत्राची घडी घातली आणि पाणी प्यायला उठलो, तर पेडलचा आवाज थांबलेला. बघतो तर ही बोळात, त्या चाकापाशी, घामाने निथळत, हातात माझं कुलूप धरलेलं. मला वाटलं, संपलं, आता तोडते. पण ती ते ओढून बघत होती. आपण बघतो तसं, दोनदा. नीट लागलंय की नाही याची खात्री करत होती. मला बघितलं आणि कुलूप सोडलं नाही. म्हणाली, "रोज बघते. एखाद्या दिवशी तू काढून ठेवलं असशील, असं वाटतं." मी म्हटलं, काढायला हवंय का? तर म्हणाली, काढू नकोस रे, काढलंस तर मला त्या पुलावर जावं लागेल. मामा, ती घाबरली आहे. आपली काउंटरवेट. गेल्या वर्षापासून पूल लागला की चालत जाते म्हणे, सरावालासुद्धा, सायकल हातात धरून, आणि घरी येऊन मला वेळ सांगते ती पूल सोडून. चाकं माझ्यावर सोपवली तीसुद्धा मी काहीतरी अडवणूक करणारच या भरवशावर. "हरले तर तुझ्या कुलपामुळे हरले असं म्हणता आलं असतं," म्हणाली, आणि मग रडली. मीही रडलो. नंतर तिने विचारलं, तू का रडतोस, तर मला पुलावरच्या गस्तवाल्याचं सांगावं लागलं, आणि मग ती हसायला लागली ती थांबेचना. पण हसून झाल्यावरही किल्ली मागितली नाही.

ता. क. २ — किल्ली या पाकिटात आहे, चिकटपट्टीने कागदाला लावली आहे, उघडताना पाडू नका. तुमच्याच नियमात एक पळवाट आहे: कुलूप लावणारा कामास अयोग्य असेल तर त्याच्या वरच्याने, स्वतः जागेवर येऊन, स्वतःच्या हाताने कुलूप काढावं. माझ्यावर तुम्हीच. तेव्हा मला अयोग्य ठरवा. मी लेखी देतो, मी अयोग्य आहे. माझ्या हाताने ते निघणार नाही. आज दोनदा किल्ली आत घातली आणि दोनदा तशीच बाहेर काढली. ती कोणतं चाक लावते त्यात मी पडणार नाही. साठचं लावलं तर मला रात्री झोप येईल एवढंच. पण कुलूप आहे तोवर ती काहीच ठरवत नाही, आणि ठरवलं नाही तर ती पुलावर कायमची चालतच राहील, हे मात्र मला आज दिसलं. तुम्ही या. सहज आलो म्हणा.

ता. क. ३ — शर्यतीच्या दिवशी पुलाच्या पलीकडच्या टोकाला तुम्ही उभे राहा. मी अलीकडे राहीन. ती माझ्यासमोरून पुलावर चढली की मी खाली मान घालणार, वर बघवणार नाही. ती तुमच्यापर्यंत पोहोचली की मला हाक मारू नका, वाऱ्यात ऐकू येणार नाही. फोन करा. काही बोलायची गरज नाही. नुसती रिंग वाजली की मला कळेल.